शेवटच्या रांगेतली खुर्ची

मी अंगणात आमसुलांना रस लावत होते. शेजारची दीपाली कुंपणाच्या दगडी गडग्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, अमरमावशी उठत नाहीत." मी हात न धुताच गेले. अमरजीत अंथरुणात कुशीवर होती. गालाला हात लावला, तर थंडगार...

तिचा नवरा कोयना प्रकल्पावर क्रेन चालवायचा. त्याच्याबरोबर ती पंजाबातून आमच्या अलोऱ्याला, प्रकल्पाच्या कॉलनीत आली. तो वारल्यावर मुलाने तिकडे बोलावलं, पण ती गेली नाही. बाई भांडखोर. माझं कालवण आंबट असतं म्हणून जन्मभर कुरकुरली आणि वाटी पुसून खात राहिली.

या हिवाळ्यात कॉलनीतल्या मुलींनी भांगड्याचा संघ काढला. मोबाईलवर बघून नाच बसवला, कॉलनीच्या पूजेला केला आणि लोक हसले. हसणारच. आमच्या गणपतीतल्या जाखडी नाचात वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याकडे तोंड करून, वाकून फेर धरतात. पोरींनी लहानपणापासून तेच पाहिलेलं. त्यांनी ढोलवाला मध्ये घेतला आणि लोकांकडे पाठ करून, माना खाली घालून गोल फिरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "गणपती कधीच गेले गो!" दीपाली रडत घरी आली. संघ मोडायचा असं त्यांचं ठरलं.

अमरजीतने निरोप धाडला, उद्या संध्याकाळी नाक पुसून मैदानात या. तिने आधी ढोलवाल्याला कडेला हाकललं. हृदय अधू, उभं राहायची मनाई, म्हणून मैदानाच्या पार टोकाला खुर्ची मांडून बसली आणि पिवळी ओढणी उंच धरली. सगळ्यांनी तिकडेच बघायचं. मान खाली गेली की ओरडायची, "पीक घरात आल्याचा नाच आहे हा. पीक तुमचं आहे ना? मग तोंड काय लपवता चोरासारखं?" बसल्या जागी तिचे खांदे उडत असत.

डॉक्टरने तिला हृदयाच्या उपचाराला मुंबईला जायला सांगितलं होतं. मी बोलले की म्हणायची, "सावर्ड्याची नाचाची स्पर्धा होऊ दे. एकदा यांना लोकांसमोर धड नाचताना बघते, मग कुठे न्यायचं तिथे ने." त्यावरून मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिने तिसऱ्या दिवशी मक्याची रोटी पाठवली आणि ऐकलं काहीच नाही.

स्पर्धा आठवड्यावर असताना ती गेली. मुली म्हणाल्या, आता नको. मी म्हटलं, "ती तुमच्यापायी थांबली, आणि तुम्ही घरात बसणार?" कठोर बोलले. पण त्या गेल्या.

सावर्ड्याला मी तिची ओढणी घेऊन शेवटच्या रांगेत बसले. ढोल सुरू झाला आणि एकेकीची मान खाली जायला लागली. मी खुर्चीवरून उठले आणि ओढणी वर धरली. मागचे ओरडले, आजी, खाली बसा. मी बसले नाही. दीपालीने पाहिलं. तिची मान वर आली, मग बाकीच्यांची. कोणी हसलं नाही. नंबरही आला नाही.

अजून संध्याकाळी मुली येतात, तिची खुर्ची मैदानाच्या टोकाला नेऊन ठेवतात. मी बसते. मला नाचातलं काही कळत नाही, नुसती ओढणी धरते. थोड्या वेळाने हात भरून येतो, खाली घ्यावासा वाटतो. तिचाही येत असणार. बोलली नाही कधी.