डावं मागचं दार

गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढायला गुरुजींनी अनामिका कुंकवात बुडवली आणि मी म्हणालो, "गुरुजी, जरा थांबा."

शोरूममधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेल्स मॅनेजर तिवारीचा चेहरा तर असा झाला, की जणू मी ऐन मंगलाष्टकांत शिंकलो. त्याचंही बरोबर होतं. बनारसमध्ये एकदा गाडीला कुंकू लागलं, नारळ फुटला, की ती गाडी कुणी परत करत नाही. देवाला दाखवलेला नैवेद्य परत डब्यात भरण्यासारखं ते वाटतं लोकांना.

मी मोटार सर्व्हेअर. म्हणजे अपघात झालेली गाडी बघून नुकसान किती झालंय, त्यातलं खरं किती आणि मागाहून चिकटवलेलं किती, हे विमा कंपनीला सांगणारा माणूस. या धंद्यात स्वभाव बिघडतो. आम्ही नवी कोरी गाडीसुद्धा ठोकलेली समजूनच बघतो. खरं तर नानागुरुजींनी मला तपासणीला आणलंच नव्हतं. "वसंतराव, फोटो काढायला चला," एवढंच म्हणाले होते.

गुरुजी ब्रह्माघाटावर राहायचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची श्राद्धं, पिंडदान करायचे आणि त्यांना प्रयाग, गयेलाही न्यायचे. आदल्या वर्षी भाड्याची गाडी गयेच्या वाटेवर, सासारामच्या पुढे बंद पडली. साताऱ्याचं एक म्हातारं जोडपं दिवसभर रस्त्याकडेला बसून राहिलं आणि मुलाच्या श्राद्धाची तिथी टळली. आजोबा नुसते रडले. ते गुरुजींना फार लागलं. त्यांनी तेव्हाच स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं.

आता डिलिव्हरीचा दिवस अनंत चतुर्दशीचा होता. पुढे पितृपक्ष. पितृपक्षात नवं वाहन कुणी घरी आणत नाही, आणि गुरुजींची सगळी माणसं येतात ती नेमकी त्याच पंधरवड्यात. म्हणजे गाडी आज, नाहीतर थेट नवरात्रात. ही अडचण तिवारीलाही पाठ होती.

मला खटकलं ते डावं मागचं दार. छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ पुढच्या दारावर सरळ दिसत होती, मागच्या दारावर ती थरथरत होती. हाताने मारलेला रंग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत बसतो. आमच्याकडे त्याला ऑरेंज पील म्हणतात. मी दाराचं रबर नखाने उचललं. खाली रंगाचे शिंतोडे. बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे. कारखान्यातून आलेल्या दाराला कुणी पाना लावत नाही.

"यह दरवाज़ा रंगा हुआ है," मी म्हणालो.

"अरे नहीं साहब, फ़ैक्टरी फ़िनिश है. लाइट का असर है."

"लाइट ने बोल्ट भी खोले क्या?"

मी खाली वाकून दार ज्यांवर बसतं ते गाडीचे खांब बघितले, वेल्डिंगच्या जोडाचे टाके बघितले. ते कंपनीचेच होते. गुरुजी तबक हातात धरून उभे होते.

"वसंतराव, चालवायला धोका आहे का?"

"नाही. मार फक्त दाराला आहे."

"मग घ्यायची?"

"मी नसती घेतली. पैसे नव्या गाडीचे, तर दारही नवं पाहिजे."

"आणि गयेला कसं जायचं?"



तेवढ्यात तिवारीला धीर आला. "पंडितजी, मुहूर्त निकल रहा है. सीट कवर, मैट, म्यूज़िक सिस्टम, सब हमारी तरफ़ से. उसके बदले में समझ लीजिए."

"किसके बदले में?" गुरुजींनी विचारलं.

तिवारी अडखळला. कशाच्या बदल्यात, हे सांगायचं तर दार कबूल करावं लागणार.

गुरुजींनी तबकातल्या अक्षता मुठीत घेतल्या. "देखो भैया, यह काम हम रोज़ करते हैं. भगवान के लिए वस्त्र नहीं है, तो अक्षत चढ़ा देते हैं. मगर बोलकर चढ़ाते हैं, वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि. चावल को कपड़ा बताकर नहीं चढ़ाते. तुम वही कर रहे हो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला वसंतराव. गयेला रेल्वेने नेईन लोकांना. खोटं बोलून गळ्यात मारलेल्या गाडीत बसवून मी कुणाला पितरांच्या कामाला नेणार नाही." वर्षभर या गाडीची वाट बघितली होती त्यांनी.

आम्ही काचेच्या दारापर्यंत पोचलो. मागून तिवारी हळूच म्हणाला, "पंडितजी, ट्रेलर से उतारते समय लगा था. हमने बाहर से रंगवाया है."

गुरुजींना एवढंच हवं होतं. मला तेवढं पुरत नव्हतं. मी तेच वाक्य डिलिव्हरीच्या कागदावर लिहून, सही घेऊन, रंगाची हमीही मागितली. तिवारीने निमूटपणे दिली. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मग त्या दारापाशी जाऊन गंभीर चेहऱ्याने अक्षता टाकल्या. "नूतनद्वारार्थे अक्षतान् समर्पयामि." तिवारीसुद्धा हसला.

त्या पितृपक्षात गाडीने गयेला किती खेपा मारल्या कोण जाणे. कुणाची तिथी मात्र टळली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी गुरुजींनी ती विकायला काढली. "दाराचं आपणहून बोलू नका," मी बजावलं होतं. गिऱ्हाईक मिस्त्रीला घेऊन मैदागिनच्या चौकात आलं, कारण गुरुजींच्या गल्लीत गाडी शिरत नसे. राम राम व्हायच्या आत गुरुजी म्हणाले, "पहले यह दरवाज़ा देख लीजिए, रंगा हुआ है." गिऱ्हाइकाने बॉनेट उघडायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवलं. "अब क्या देखना है? आदमी देख लिया."

नवी गाडी घेताना दाराचं रबर उचलून बघा, हे मी सगळ्यांना सांगतो. पण विकणाऱ्याने पहिल्याच वाक्यात खोट सांगितली, की घेणारा बाकीचं काहीच बघत नाही, हे मला तिथे कळलं. पंचाईत अशी, की क्लच पार संपत आला होता. गुरुजींना ते ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण गाडी तिथवर मीच चालवत आणली होती. मला राहवेना.

"क्लच भी देख लीजिए," मी म्हणालो.

भाव उतरला, गाडी गेली. घाटाकडे परतताना गुरुजी माझ्याशी बोलेनात. शेवटी गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि चिडून म्हणाले, "अहो, क्लचचं मला आधी सांगायचं होतंत. मीच सांगितलं असतं त्याला!"