लाल डब्यातली रसभरी

देवाने मला खणखणीत आवाज दिला, घेरदार पोट दिलं, कुणाच्याही लग्नात माईक हिसकावून घेण्याचं धाडस दिलं. झाडं जगवायचा हात तेवढा द्यायचा राहिला. माझ्याकडे आलेली तुळससुद्धा आठवड्याभरात राजीनामा देते.

हे सगळ्यांत आधी ओळखलं माझ्या सासूबाईंनी. चाकणजवळच्या गावात त्यांचा जन्म कांद्या-बटाट्यात गेलेला. नवा जावई म्हणून मी त्यांच्या वावरात मोठ्या हौसेने खुरपं धरलं, तर चार बायकांसमोर म्हणाल्या, "जावईबापू, तुमी आपलं बांधावर बसा. पिकाला तेवढाच आराम."

तेव्हापासून माझी एकच महत्त्वाकांक्षा. माझ्या हातचं काहीतरी या बाईंना खाऊ घालायचं आणि त्यांच्या तोंडून 'गोड हाय' एवढं ऐकायचं.

गेल्या हिवाळ्यात योग आला. चऱ्होलीच्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे, लुंगी वाळत घातली तर भरून जाईल एवढी बाग आहे. तिथे मी रसभरी लावली होती आणि काय आश्चर्य, ती जगली! कमरेएवढी झुडपं झाली, फांद्याफांद्यांना फळांचे कागदी कंदील लटकले. नेमक्या तेव्हाच सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या. मी मनातल्या मनात तुतारी फुंकली.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढतो. आमचा तिथे एक धर्म आहे: जमिनीवर पडलेला पार्ट पुन्हा लाइनवर जात नाही. तो थेट लाल डब्यात. रिजेक्शन!

हाच धर्म मी बागेत आणला. मागच्या दाराजवळच्या कट्ट्यावर एक लाल डबा ठेवला. फर्स्ट शिफ्टच्या बसआधी राउंड मारायचा, खाली पडलेली फळं नाक मुरडून डब्यात टाकायची आणि झाडावरच्या फळांना म्हणायचं, "शाब्बास! असंच धरून राहा." डबा रोज संध्याकाळी रिकामा दिसायचा. बायको खतात टाकत असणार, असं मी धरून चाललो.

शेवटी एका रविवारी झाडावरची निवडक, टणक, हिरवटसर फळं तोडली, काचेच्या वाटीत मांडली आणि सासूबाईंसमोर अशा थाटात ठेवली, जणू पंगतीत पहिला लाडू वाढतोय. आधी स्वतः एक तोंडात टाकलं. दात असे आंबले की डोळ्यांत पाणी आलं. तरी मी म्हणालो, "वा!"

सासूबाईंनी वाटीला हातही लावला नाही. माझ्याकडे बघतच राहिल्या. आता बांधावर बसवतात, असं वाटून मी मान खाली घातली.

"का वो असं करता?" त्या म्हणाल्या. आवाज चक्क ओला होता. "झाडावरची कच्ची आपण खायची आणि पिकून गळल्याली रोज माज्यासाठी डब्यात काढून ठिवायची. वर कुणाला बोलायचं पण न्हाई!"

"मी? डब्यात?"

"तर! बसल्या जागी हात पुरंल असा डबा ठिवलाय. डाक्टरनी वाकू नका सांगितलंय, तेबी ध्यानात ठिवलं. पोटच्या पोरालाबी सुचलं नसतं." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "लई गोड हाय गं. फळबी आन् ह्यो बी."

माझ्या डोळ्यांसमोरून सगळा हिवाळा सरकला. रसभरी पिकली की आपणहून गळते, हे क्वालिटीवाल्याला ठाऊक नव्हतं. मी रोज पिकलेला माल नापास करत होतो, कच्च्याला शाबासकी देत होतो आणि सासूबाई कट्ट्यावर बसून माझं रिजेक्शन चवीने खात होत्या!

बायकोला सगळं कळलं. तिने पदर तोंडात कोंबला आणि स्वयंपाकघरात पळाली. तिथून भांडी पडल्याचा आवाज आला.

एरवी मी बोलायला लागलो की थांबता थांबत नाही. त्या दिवशी मात्र घसा खाकरला, मान लाजून वाकडी केली आणि म्हणालो, "त्यात काय एवढं, मामी."

खरं सांगायचा विचार आला होता. पण जे ऐकायला इतकी वर्षं थांबलो, ते दोनदा ऐकलं होतं. असा माल परत कोण करणार?

आता त्या गावी गेल्या आहेत. मी अजून पहाटे राउंड मारतो, खाली पडलेलं फळ दोन्ही हातांनी उचलतो आणि लाल डब्यात ठेवतो. भरला की डबा गावाला जातो. झाडावरचं कच्चं मीच खातो. तशी ख्याती झाली आहे ना माझी.