राखेत ठेवलेले गॉगल

पालीहून राजगडावर जाणारी वाट आमच्या पडवीसमोरूनच जाते. सुट्टीच्या दिवशी म्या ताकाची कळशी घेऊन वर जातो. सत्तरी ओलांडली, पण मधे टेकायला बसत न्हाई. गडावर येणारी शहरातली माणसं वाकली की गॉगल पडतो, बसली की दगडावर राहतो. उतरताना सापडला की म्या घरी आणतो. कुणाची तरी वस्तू आहे, धनी कधीतरी येईलच.

शाळा म्या दुसरीतच सोडली. कुठला कुठं सापडला याच्या चिठ्ठ्या लिहिणं आपल्याच्यानं होत न्हाई. म्हणून गॉगलच्या दांडीला दोरा बांधून गाठी मारल्या. पायथ्याला सापडला तर एक, पाली दरवाजापाशी दोन, वर तळ्याजवळ तीन. रंग बघून लावण्यात अर्थ न्हाई, काळे तर सगळेच. हरवणाऱ्याला जागा तेवढी आठवते.

ठेवायचे कसे, हेही कुणाला विचारलं न्हाई. पावट्याचं बी म्या जन्मभर राख चोळून मडक्यात ठेवलंय, एका दाण्याला कीड लागली न्हाई. गॉगलही तसेच ठेवले. वर्षानं काढले तर काचांवर चरे.

सून म्हणाली, "मामा, गॉगलला भुंगा लागतो व्हय?"

"चरे आधीचेच आहेत," म्या म्हणालो. नव्हते. मला ठाऊक होतं.

मग आतल्या खोलीत भिंतीला सुतळी बांधून सगळे टांगले. तीन-चार वर्षं तिथंच होते. यंदा मुलानं ती खोली गडावर येणाऱ्या पावण्यांना मुक्कामाला द्यायची ठरवली, आणि सुनेला ती भिंत हवी झाली.

"गाद्या कुठं रचू? आणि आजवर एक तरी माणूस आलंय का गॉगल न्यायला?"

आलं नव्हतं. म्या म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. कुणी न्हाई आलं तर म्याच भंगाराच्या टेम्पोत टाकीन." बोलून बसलो. तसं झालं असतं तर इतकी वर्षं म्या घरात कचरा भरला, हे खरं ठरलं असतं.

दसरा झाला. एक पन्नाशीच्या बाई गड उतरून पाण्याला पडवीत थांबल्या. डोळ्यांवर हात धरून बोलत होत्या.

सून म्हणाली, "ताई, गॉगल आणायचा न्हाई का?"

"होता हो, नंबरचा. चार-पाच वर्षं झाली, वर तळ्याजवळ विसरले. तसा परत मिळालाच नाही."

म्या आत गेलो. तीन गाठींचे सगळे काढून आणले. चौथा त्यांचा निघाला. त्यांनी ओढणीनं काच पुसली, पुन्हा पुसली.

"हे जात नाहीये."

दगडावर पडून चरे आले, असं सांगता आलं असतं. सून माझ्याकडंच बघत होती.

"ताई, सापडला तेव्हा चांगला होता. चरे माझ्या हातनं पडले. बियाण्यागत राखेत ठेवला होता."

बाई हसल्या. "काका, काच बदलून मिळते. नाकावर असा बसणारा सांगाडा कुठं मिळतोय?" आणि जाता जाता म्हणाल्या, "मी दरवर्षी इथूनच जाते. तुमच्याकडे आहे हे कळलं असतं, तर मागेच नेला असता."

ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून भिंतीवरची सुतळी सोडत होती. मला वाटलं, चालले टेम्पोत. तर तिनं ती गॉगलसकट बाहेर नेली आणि पडवीच्या दोन खांबांना बांधली, वाटेकडं तोंड करून.

"बियाणं आत ठेवायचं, मामा. हे बाहेर."

भिंतीला गाद्या लागल्या. सुतळीची गाठ मात्र म्या सोडून पुन्हा मारली, तिची ढिली होती.

दिवाळीपासून आणखी दोन गॉगल गेलेत. दोन्ही दोन गाठींचे. आता कळशी भरताना सूनच विचारते, "मामा, आज वर कुठं कुठं जाणार?" आणि चार दोरे कापून माझ्या खिशात घालते.