न पडलेला कौल

वाघजाईच्या देवळात मी त्या सकाळी गेले ती देवीने मला ‘नाही’ म्हणावे म्हणून. लोक देवाकडे काहीतरी मागायला जातात, मी नकार मागायला गेले होते. आज हे सांगताना थोडी लाज वाटते आणि थोडे हसूही येते. बोलते आहे मी, लिहिते आहे माझी लेक. ती चार यत्ता शिकली आहे, त्यामुळे माझे बोलणे मध्येच सुधारते. सुधारू दे. घडले ते काही तिला सुधारता येणार नाही.

आमचे गाव पालीच्या बाजारापासून दोन कोस आत. घरधनी मुंबईला गिरणीत, आणि घरी मी नि सासूबाई. सासूबाई सुईण होत्या. अर्धे गाव त्यांच्या हातावर जन्मले असेल. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला बरोबर नेऊ लागल्या आणि हळूहळू सगळे शिकवले. पोट कसे चाचपायचे, बाईला धीर कसा द्यायचा, बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर ओटीपोट कसे चोळत राहायचे. “हात शिकला की डोळं मिटलं तरी चालतां,” असे त्या म्हणायच्या.

पहिल्यांदा एकटीने गेले ती लक्ष्मीकाकूंच्या घरी. त्यांची थोरली लेक येसू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, आणि सासूबाई नेमक्या दुसऱ्या गावी बाळंतपणाला गेल्या होत्या. मूल सुखरूप झाले. मग रक्त सुरू झाले आणि ते थांबेना. काय करायचे ते मला ठाऊक होते, पण माझ्या अंगातले बळच गेले. “पाणी आणते,” असे म्हणून मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि गवताच्या उडवीआड जाऊन कानांवर हात ठेवून बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. परत आले तेव्हा येसू गेली होती. लाकडे ओली होती, चूल पेटेना, असे मी सगळ्यांना सांगितले. बायकांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला, तिचे आयुष्यच तेवढे, म्हणाल्या. मी तो हात फिरवू दिला. माझे खरे पाप ते पळणे की हे, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

त्यानंतर दोन वर्षे मी कुणाच्या बाळंतपणाला गेले नाही. तेवढ्यात मोतीबिंदूने सासूबाईंचे डोळे गेले. बोलावणे आले की मी कधी ताप सांगे, कधी कंबर, आणि लोक शेजारच्या गावची सुईण आणत. सासूबाईंना कारण ठाऊक नव्हते. एके दिवशी त्या नुसते एवढेच म्हणाल्या, “गो, माजं डोळं गेलं. तुजं हात कशानं गेलं?” ते बोलणे मला रात्रंदिवस टोचू लागले. शेवटी ठरवले, देवीला कौल लावायचा. देवीने नाही म्हटले की सासूबाईही गप्प बसतील आणि माझे मनही.

कौलाची रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवभाऊंनी पाकळ्या लावल्या. मी सभामंडपात बसून डाव्या पाकळीकडे टक लावली. बराच वेळ झाला, दोन्ही जागच्या हलेनात. “आज बाय घाईत नाय,” भाऊ देवीकडे बघत म्हणाले.

इतक्यात पायरीवर पावले वाजली. लक्ष्मीकाकू. दोन वर्षे मी त्यांना चुकवण्यासाठी विहिरीला आडवाटेने जात होते. त्यांच्या मुठीत तगरीची फुले होती. मला पाहून त्या दारातच थबकल्या, मग फुले पायरीवर ठेवली आणि जवळ आल्या.

“ऊठ गो. धाकटीला कळा लागल्यात पहाटेपासनं. शेजारची सुईन तापानं पडलीय.”

“काकू, माझ्या हाताला यश नाय. येसूच्या वेळी मी पानी आणायला गेले नि...”

“पानी चुलीवर तापलेला होता,” काकू शांतपणे म्हणाल्या. “मीच ठेवला होता. तू उडवीआड बसलीस ता पण बघितला मी.”

दोन वर्षे या बाईने गावात अवाक्षर काढले नव्हते. मोठ्या कष्टाने मी विचारले, “मग माझ्याकडंच कशाला?”

“पळून काय हाताला लागतां, ता तुला ठावं हाय. जिला ठावं नाय, तिच्या हातात पोर कशी देऊ?”

मी उठले. पाकळ्यांकडे वळून बघायचेही भान राहिले नाही.

धाकटी दुपार कलताना मोकळी झाली. मुलगा झाला. आणि मग पुन्हा तेच, रक्त थांबेना. माझी नजर मागच्या दाराकडे गेली, हे मी लपवत नाही. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला अडवले नाही. मी देवीचे नाव घेतले, मूल आईच्या छातीशी लावायला सांगितले आणि पोट चोळू लागले. हात भरून आले तरी थांबवले नाहीत. ते बळ माझे नव्हते, एवढे मला नक्की कळत होते. हळूहळू पोट घट्ट झाले आणि रक्त थांबले. काकू भुईवर बसल्या आणि येसूचे नाव घेऊन रडल्या. मीही रडले, दोन वर्षांचे.

पुढे कित्येक वर्षे मी धरून चालले होते की माझ्यामागे उजवी पाकळी पडली असणार. गेल्या शिमग्यात गुरवभाऊंना सहज विचारले. ते आता पार थकले आहेत. म्हणाले, “पडलीच नाय गो. ना उजवी, ना डावी. तिन्हीसांजेला मीच हातानं काढल्या. नि लक्ष्मीवैनी कशाला आलेली म्हायती हाय? तीपण कौलच लावायला, मागनं तिनंच सांगितलां. तुला बोलवू का नको, म्हणून.”

मला पायरीवरची ती फुले आठवली. दोघी एकमेकींविषयीच विचारायला आलो होतो, आणि देवीने दोघींनाही पाकळी दिली नाही. समोरासमोर मात्र उभे केले. मी लायक आहे का, हे तिने सांगितले नाही. मीही आता विचारत नाही. बोलावणे आले की जाते. यश आले तर तिचे, अपयश आले तर तिच्याच पायाशी बसून रडते.

एक गोष्ट मात्र न चुकता करते. कुणाच्याही बाळंतिणीच्या खोलीत शिरले की आधी तापलेले पाणी आत आणून ठेवायला लावते. म्हणजे मला बाहेर जायला निमित्त उरत नाही.