गोळ्यांची बारी

ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि काटा पुन्हा अडतीसवरच थांबला. तिसरा महिना चालू होता. मी तिला उतरवलं, काटा हलवला, चपला काढायला लावून पुन्हा चढवलं. शेवटी स्वतःच चढून पाहिलं. काटा बिघडलेला नव्हता. माझे वाढलेले दोन किलो त्याने इमानाने दाखवले.

मी आरोग्यसेविका. माहेर येडगावचं, धरणाकाठचं, ऊस-टोमॅटोचं. नोकरी मात्र मढच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर. त्यातल्या एका वाडीतल्या या बाईला टीबी निघाला होता. रोज सकाळी तीन गोळ्या, सहा महिने, एकही दिवस न चुकवता. मध्येच खाडे केले तर जंतू मुरतो, साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि मग माणूस हाती लागेल का याचीच धास्ती. हे मी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की एव्हाना तिच्या शेळीलाही पाठ झालं असेल.

ती गोळ्या खात नसेल असं मात्र माझ्या मनातही आलं नव्हतं. रिकामी पाकिटं ती मला दर खेपेला नीट घडी घालून आणून द्यायची. मी मोजायची, फोटो काढायची, ॲपवर चढवायची. ॲपला रेंज लागते आणि रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. तिथे भर उन्हात मोबाइल उंच धरून मी उभी असायची. एका म्हातारबाबांनी तर विचारलं, 'नवस बोललाय का काय, शिस्टरबाई?' एवढं करून वरून विचारणा आली: रुग्णाचं वजन का वाढत नाही, खुलासा करा.

मग मी खुलासा शोधायला निघाले. आधी सासूला धारेवर धरलं. 'सुनेला अंडी देता की नाही?'

'कोंबडी खुडूक बसलीया,' ती म्हणाली. 'तिलाच सांगा तुमी. माझं तर कोनीच ऐकत न्हाई.'

त्या घरात दोघी जावा. नवरे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्या भरायला, आठवड्यातून एखादा दिवस घरी. माझी रुग्ण धाकटी. थोरलीही खोकायची, म्हणून तिला बेडका तपासायला डबी दिली होती. पहिली डबी कोरडी परत आली. दुसरी चुलीशेजारच्या फळीवर दिसली, आत मोहरी. 'धुराचा खोकला हाय ओ,' ती म्हणायची. तिसरी डबी द्यायला हवी होती. पण लसीकरण आलं, मग सर्व्हे आला, मग त्या सर्व्हेचा फेरसर्व्हे आला, आणि राहून गेलं. हे लिहितानाही स्वतःचा संताप येतो.

त्या दिवसांत तिकडे पडकई चालू होती. उतारावरचे दगड काढून, बांध घालून भाताची खाचरं तयार करायची. ज्याचं शेत असेल त्याच्याकडे घरटी एक माणूस जायचं आणि जेवायला सगळे एकत्र बसायचे. आपलं माणूस गेलं तर आपल्या शेतावर माणसं येणार. मजुरी वगैरे काही नाही. आम्हा बागायतवाल्यांना याचं फार कौतुक वाटतं, कारण दगड आम्हाला उचलायचे नसतात.

एका सकाळी न सांगता गेले. ओट्यावर थोरली उभी होती, कमरेला पदर खोचलेला, शेजारी घमेलं. तिने तळहातावरच्या तीन गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी प्याली. धाकटी आत भाकरी थापत होती.

मी काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. या दोघी मात्र माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मलाच उन्हाचं काहीतरी झालंय.

'आज हिची बारी हाय,' धाकटी म्हणाली. 'एक दिस मी पडकईला जाती, एक दिस ही. जी जाईल तिनं गोळ्या खायाच्या. घरी बसनारीला ताकद कशाला लागती?'

'हे कुणी सांगितलं तुला?'

'तुमीच की. खा म्हनला, ताकद येईल, कामाला लागशील.'

म्हणाले होते. पहिल्या दिवशी ती गोळ्या घ्यायला तयार नव्हती, तेव्हा समजूत घालायला अगदी हेच म्हणाले होते.

'आणि तू तपासणी का नाही केलीस?' मी थोरलीवर घसरले.

'एका घरात दोघी दुखनेकरी म्हनल्यावर आमच्या खाचरावर कोन येईल वो?'

दोघींना जीपमध्ये घालून जुन्नरला नेलं, बेडके तपासायला दिले. थोरलीलाही टीबी निघाला, पण साध्या गोळ्यांनी बरा होणारा. धाकटीच्या जंतूने त्या गोळ्यांना जुमानणं सोडलं होतं. तिला आता नवी, जड औषधं, तीही कितीतरी जास्त दिवस, आणि गुण येईल याची हमी कुणी देईना.

दोन वेगळे डबे घेऊन मी वर गेले आणि ओट्यावर बसून दोघींना सगळं समजावलं. धाकटीने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'हिला साध्या गोळ्या लागू पडतील ना?'

'पडतील.'

'मंग बरं झालं.'

मला तिचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही वाटली. तेवढ्यात थोरलीने माझ्यासमोर आपल्या तीन गोळ्या गिळल्या, तोंड पुसलं आणि घमेलं उचललं.

'कुठे निघालीस?'

'पडकईला. आता हिची बारी बी मीच करनार. मला रोजच्या गोळ्या मिळाल्या न्हवं?'

'अगं बाई, तू आजारी आहेस! पंगतीला बसून सगळ्या वाडीला खोकला वाटशील!' मी घमेलं तिच्या हातातून ओढून घेतलं.

तिने ते सोडलं. मग अगदी सरळ विचारलं, 'मंग घरातलं कोन जाईल?'

दाराशी बसलेल्या सासूने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. खालून हाका येऊ लागल्या होत्या. मी ते रिकामं घमेलं धरून ओट्यावर उभी होते, आणि उतारावर पंधरा-वीस माणसं या घरातलं एक माणूस यायची वाट बघत थांबली होती.