डेन्मार्कमधल्या गप्पा

थंडीत आमगावच्या शाळेत मुलं संत्री सोलायला लागली, की मला डेन्मार्कमधला एक वर्ग आठवतो. बी.एड. करताना मी तिथे हिवाळाभर शिकवायला गेले होते. मधल्या सुट्टीत मुलं अशीच संत्री सोलत होती, मी खिडकीपाशी एकटीच बर्फ बघत होते. एका मुलीनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तू इथे तुझ्या भाषेत कुणाशी बोलतेस?"

"कुणाशीच नाही."

"मग माझ्याशी बोल."

मी म्हणाले, "काय करून राहिली वं? जेवली का?" आई फोनवर असंच विचारायची. 

ती मुलगी सगळं समजल्यासारखी तिच्या भाषेत बराच वेळ बोलत राहिली. काय म्हणाली, ते मला आजही ठाऊक नाही. पण त्या हिवाळ्यात मनापासून झालेल्या गप्पा तेवढ्याच.