उद्याच्या बातम्या

भाचीचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले, तेव्हा पटांगणात परिपाठ चालू होता. इथल्या बाईंनी एक रीत पाडली आहे. रोज मुलं पेपरातल्या बातम्या सांगतात, शनिवारी मात्र उद्याच्या. म्हणजे आपल्या मनाने रचलेल्या.

चौथीतली सानिका पुढे आली. हात मागे बांधून, अगदी टीव्हीवरच्या सुरात म्हणाली, "आपल्या ओढ्यावरच्या पुलाचं आज उद्घाटन झालं. पूल बांधणाऱ्या इंजिनिअर सानिकाताई याच शाळेत शिकल्या."

कोणी हसलं नाही. ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीवरून येणारी पहिलीतली परी उभी राहिली. "कठडा आहे का त्याला?"

सानिकाने तिच्या उंचीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आहे. तुझा हात पोचेल असा."

बाई नुसत्या मान डोलावत राहिल्या.

आपण मुलांना मोठेपणी कोण होणार म्हणून विचारतो आणि उत्तर येईपर्यंत चहाच्या कपाकडे वळलेले असतो. या पोरीला कठड्याचं विचारणारी कोणीतरी भेटली. तेवढ्या एका प्रश्नाने पूल हवेतून खाली उतरला आणि दोन्ही काठांना टेकला, असं मला वाटलं.

परतताना नेहमीसारखी ओढ्यातल्या दगडांवरून निघाले. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. मधल्या निसरड्या दगडावर पाय ठेवला आणि माझा हात आपसूक बाजूला गेला, कठडा धरायला.